ताण कधी तोडायचा

मोठ्याईच्या, म्हणजे माझ्या थोरल्या काकूच्या, मनगटावर मी ती पट्टी बांधली तेव्हा ऑक्टोबरचं ऊन होतं आणि पहिली वेचणी नुकतीच लागली होती. आमचं गाव आर्वी तालुक्यातलं. वावराच्या वरच्या अंगाला पऱ्हाटी, विहिरीच्या बाजूला संत्र्याचा बगीचा. कमरेला ओटी बांधून बाया ओळीनं पुढे सरकत होत्या आणि मी धुऱ्यावर बसून मोबाइलच्या पडद्यावर मोठ्याईच्या काळजाची रेघ पाहत होते. रेघ वर गेली की पट्टी थरथरायची. ‘ताण आलाय, थोडं थांब, श्वास घे,’ असं तिनं मोठ्याईला सांगावं, अशी आमची कल्पना. दुपारपर्यंत ती इतक्या वेळा थरथरली की मोठ्याईनं ती सोडली, पदरानं पुसली आणि माझ्या हातात ठेवली.

“माय, हे तं मले घडीघडी सांगून रायलं का ऊन तापलं, तू वाकून रायली. थे तं मले मालूम हाय.”

दीड वर्ष नागपुरातल्या एका खोलीत आम्ही तिघं ही पट्टी घडवत होतो. एकाकडे सर्किट, एकाकडे गणित आणि माझ्याकडे डिझाइन. म्हणजे पट्टी अंगाला कुठे लागणार, किती घट्ट बसणार, कधी बोलणार आणि कोणत्या भाषेत बोलणार, हे सगळं माझं. खोलीत ती बरोबर चालायची. खुर्चीत बसलेल्या माणसाला हजारातून सात-सात वजा करत जायला सांगितलं की आकडा चढायचा, थांबवलं की उतरायचा. वावरात मात्र तिला ऊन, ओझं, वाकणं आणि काळजी यांतलं काहीच वेगळं करता येईना. त्या दुपारी मला वाईट वाटलं ते पट्टी चुकली म्हणून नव्हे. मोठ्याईला जे आधीच ठाऊक होतं तेच आम्ही तिला पुन्हा पुन्हा सांगत होतो, आणि तिच्या झोपेचं काय होतं हे मात्र आम्ही विचारलंच नव्हतं, याचं वाईट वाटलं.

ही पट्टी करावी असं माझ्या मनात आलं ते मोठेबाबांमुळे. माझ्या वडिलांचे ते थोरले भाऊ. २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली. बोंड वरून हिरवंगार, टणक. फोडलं की आत सरकी पोखरलेली आणि धागा काळा पडलेला. जे बियाणं अळीला दाद देणार नाही म्हणून घेतलं, त्यातच ती निघाली. बाया वेचायला येईनात, कारण किलोवर मजुरी, आणि किलो भरतच नव्हता. त्या डिसेंबरात एका रात्री मोठेबाबा खाटेवर उठून बसले. छाती धडधडते म्हणाले, हात गार पडलेत म्हणाले. शेजारच्या जीपमधून वर्ध्याला एका दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला, रक्त तपासलं. सगळं ठीक. सकाळी घरी सोडताना सांगितलं, “काही नाही, टेन्शन घेऊ नका.”

हे वाक्य त्यांनी घरी आणलं आणि त्याचं काय करायचं हे कुणालाच कळलं नाही. घेऊ नका म्हणजे काय? ते कोणत्या दुकानातून आणलं होतं की परत द्यावं? पुढचे चार महिने मोठेबाबा वावरात जायचे, पण धुऱ्यावर बसून राहायचे. रात्री छपरीत त्यांची खाट करकरायची. जेवताना मोठ्याई त्यांच्याकडे पाहायची आणि भाकरीचा तुकडा तिच्या हातात तसाच राहायचा. आमच्या घरात कुणी ‘ताण’ हा शब्द उच्चारला नाही. ‘त्यायचा जीव थाऱ्यावर नाई,’ एवढंच ती म्हणायची.

तो शब्द मला फार उशिरा ऐकू आला.

आधी यंत्राचं सांगते. ताण मोजण्याच्या पट्ट्या बहुतेक दोन गोष्टींकडे पाहतात, घाम आणि काळीज. घामाची गोष्ट जुनी आहे. १८८८ साली फ्रान्समध्ये शार्ल फेरे यांनी त्वचेतून बारीकसा विद्युतप्रवाह सोडून पाहिला, तर माणूस दचकला किंवा भावनेनं हलला की त्वचेतून वीज अधिक सहज वाहते असं त्यांना दिसलं. तळहात आणि तळपाय इथल्या घामाच्या ग्रंथी उष्णतेपेक्षा भावनेला चटकन उत्तर देतात. घाम खारट, खाऱ्या पाण्यातून वीज सहज जाते, एवढंच त्यामागचं गुपित. अमेरिकेत एमआयटीच्या रोझलिंड पिकार्ड यांनी १९९७ साली यंत्रांनी माणसाच्या भावना ओळखण्याच्या या सगळ्या विचाराला एका पुस्तकातून नाव आणि चौकट दिली. २०२० साली फिटबिटनं बाजारात आणलेल्या एका घड्याळावर तळहात ठेवला की ते त्वचेचा हाच बदल टिपायचं. वातानुकूलित खोलीत हे छान जमतं. पण अकोला, वर्धा, ब्रह्मपुरी, चंद्रपूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा सगळं अंगच घामानं निथळत असतं. त्यातला काळजीचा घाम कोणता हे वेगळं काढणार कसं?

काळजाची गोष्ट मला जास्त मोहवते. एका मिनिटात साठ ठोके पडत असतील तर प्रत्येक ठोका बरोबर एका सेकंदानं पडतो, असं आपण समजतो. तसं नसतं. श्वास आत घेताना काळीज किंचित घाईनं चालतं, सोडताना रेंगाळतं. निवांत, धडधाकट माणसाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं कमीजास्त होत राहतं. ताण आला की ही लवचीकता आटते. ठोके घड्याळासारखे सरळ, ताठ पडायला लागतात. पट्टीच्या आतल्या बाजूला हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, म्हणून ठोक्यागणिक परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो आणि त्यावरून ठोका कळतो. सावळ्या कातडीतलं रंगद्रव्यही हिरवा प्रकाश शोषतं, त्यामुळे उन्हात रापलेल्या मनगटावर खूण फिकी येते. त्यात बांगड्यांची खळखळ, पट्टी सैल, आणि बोंडाच्या टोकदार देठांतून सतत आतबाहेर करणारा हात. वेचणीच्या दिवशीची आमची रेघ म्हणजे अर्धी काळजाची आणि अर्धी बांगड्यांची होती.

पण खरी भीती मला आकडे चुकण्याची वाटली नाही. भीती वाटली ती दुसऱ्याच एका गोष्टीनं, आणि ती मी आजही मनातून काढू शकत नाही. बोंडअळीच्या त्याच २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. कपाशी त्या वर्षी डोक्याएवढी वाढली होती आणि फवारा अंगावर येत होता. कीटकनाशकांमधला ऑर्गॅनोफॉस्फेटचा गट शरीरातल्या एका विकराला अडवतो. मग घाम सुटतो, लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, स्नायू फडफडतात, श्वास कोंडतो. अशा माणसाला वेळेत अॅट्रोपिन हे औषध मिळावं लागतं. आता अशा माणसाच्या मनगटावर आमची पट्टी आहे असं समजा. तिला घाम दिसेल, काळजाची चाल बिघडलेली दिसेल, आणि ती त्याला सांगेल, ताण आलाय, सावलीत बस, दीर्घ श्वास घे! तो बसेल. जी घटका दवाखान्याच्या वाटेवर जायला हवी, ती लिंबाच्या झाडाखाली जाईल.

उष्माघाताचं तेच. हृदयविकाराच्या झटक्याचं तेच. मोठेबाबांना वर्ध्याला नेलं तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला होता, फवारणी केली होती काय? तो प्रश्न योग्य होता. शरीर एकच आहे आणि त्याच्याकडे तक्रारीचे शब्द थोडे आहेत. धडधड, घाम, गारठलेले हात. त्या थोड्या शब्दांवरून ‘हे टेन्शनच’ असा निवाडा यंत्रानं देऊ नये, हे मी त्या विचारानंतर पक्कं ठरवलं. आमच्या दोघा सोबत्यांशी यावरून माझं भांडण झालं. निवाडा दिला नाही तर लोक पट्टी घेतील कशाला, असा त्यांचा सवाल होता. तो सवाल खोटा नव्हता. पण आज आमच्या पट्टीत ‘ताण’ हा शब्द नाही, आकडा नाही, लाल-हिरवी खूण नाही. तिच्यासोबत दिलेल्या कागदावर सगळ्यात वर ठळक अक्षरांत लिहिलंय: फवारणीनंतर किंवा उन्हात जीव घाबरला, तर ही पट्टी पाहू नका, दवाखान्यात जा.

मग पट्टीनं पाहायचं काय? याचं उत्तर मला बगीच्यात मिळालं.

डिसेंबर महिना. मोठेबाबा संत्र्याच्या ओळीतून चालत होते, मी मागे. आंबिया बहारासाठी बगीच्याला ताण दिलेला होता. ज्यांच्याकडे संत्रा नाही त्यांच्यासाठी सांगते: झाडाला फुलावर आणायचं असलं की पाणी तोडतात. याला ‘ताण देणं’ म्हणतात. आंबियासाठी थंडीत, मृगासाठी उन्हाळ्यात. पाणी तुटलं की झाड वाढ थांबवतं, अंगातलं साठवतं, आणि मग पाणी मिळालं की पालवीसोबत फुलतं. पण किती दिवस? हलक्या जमिनीत कमी, आमच्यासारख्या भारी काळ्या जमिनीत जास्त. दिवस मोजून भागत नाही. मोठेबाबा पान हातात घेऊन पाहतात. पानाचा तजेला गेला, रंग फिका पडला, दुपारी मलूल झालेलं पान सकाळीही उठलं नाही, थोडी पानगळ लागली, की ताण बसला. आणखी ओढला तर फांद्या वाळतात आणि झाड बहारातून नाही, बगीच्यातूनच जातं. म्हणून वेळेवर पाणी द्यायचं. त्याला म्हणतात ‘ताण तोडणं’.

१९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला राहायला आले. त्याच वर्षी तिकडे माँट्रियलमध्ये हान्स सेल्ये यांनी उंदरांवरच्या आपल्या प्रयोगांची एक छोटीशी टिपणी ‘नेचर’मध्ये छापली होती. थंडी असो, जखम असो, विष असो, शरीराची धावपळ सारखीच होते, असं त्यात होतं. त्या धावपळीला पुढे त्यांनी ‘स्ट्रेस’ म्हटलं. कॉलेजात मी ताणाचा इतिहास इथून शिकले. माझ्या घरामागच्या बगीच्यात हा शब्द रोजच्या वापरात होता आणि त्याला जोडूनच त्याचा शेवटही होता. ताण देतात आणि ताण तोडतात. देणारा आणि तोडणारा एकच, आणि तो रोज पान पाहायला येतो.

मी मोठेबाबांना विचारलं, “दुपारी तं सगळीच पानं मलूल दिसतात. मग कळते कसं?”

“दुपारचं नाई पायाचं बाई. दुपारी ताजं झाडही मान टाकते. सकाळी पायाचं. रातभर आराम भेटूनही जे उठत नाई, थे झाड खरं ताणात हाय.”

मी तिथंच उभी राहिले. दीड वर्षाचं आमचं गणित उलटं होतं. आम्ही दुपारचं पान पाहत होतो. वेचणीत, डवरणीत, बस पकडताना, ओझं उचलताना काळीज धावणारच. ते त्याचं कामच आहे. पाहायचं ते बसल्यानंतरचं. शरीर खाटेवर टेकलं आणि तरी काळीज टेकलं नाही, तर काही सांगण्यासारखं आहे. जीव थाऱ्यावर नाही, असं मोठ्याई म्हणायची तेव्हा ती हेच सांगत होती.

त्यानंतर आम्ही दिवसाचं मोजणं जवळजवळ सोडून दिलं. पट्टीत हालचाल टिपणारा एक बारीक भाग असतो. हात बराच वेळ स्थिर असेल तेव्हाच हिरवा दिवा लागतो: दुपारच्या भाकरीनंतर बाभळीखाली, संध्याकाळी ओट्यावर, आणि मुख्य म्हणजे रात्री. पहिले काही आठवडे पट्टी काहीच बोलत नाही. त्या माणसाचं काळीज रात्री कितीसं खाली उतरतं, किती वेळानं उतरतं, हे ती शिकते. पुढे ते सलग काही रात्री उतरेनासं झालं तरच ती हलते. दुसऱ्या माणसाशी तुलना नाही, पुस्तकातल्या सरासरीशी नाही. ज्याचं त्याच्याशी. हलक्या जमिनीचा ताण वेगळा आणि भारीचा वेगळा, हे मोठेबाबांकडून फुकट मिळालेलं शिक्षण. बॅटरीही यामुळे आठवडाभर पुरायला लागली, आणि जिथे लाईनचा भरवसा नाही तिथे ही साधी गोष्ट नाही.

जागाही बदलली. मनगट कामाचं असतं, ते मोकळं हवं. मग लोक अंगावर आधीच काय बांधतात ते मी पाहत फिरले. कमरेचा करदोटा, पायातला काळा दोरा, गळ्यातलं मंगळसूत्र, दंडावरचा ताईत. दंड! तिथे बांगडी नाही, धूळ कमी, ऊन नाही, कातडी कमी रापलेली. बायांच्या ब्लाउजच्या बाहीखाली आणि पुरुषांच्या सदऱ्याखाली पट्टी झाकली जाते, आणि ‘याच्या डोक्याचं काहीतरी आहे’ असं गावानं बोट दाखवायची सोय राहत नाही. दंडावर भावनेचा घाम नीट सापडत नाही, म्हणून घाम मोजणं आम्ही सोडून दिलं. नुसत्या काळजावर राहिलो. एक गोष्ट नीट मोजावी आणि दुसरी सोडून द्यावी, हे मला पटतं.

आता ती हलते कशी, हे सांगायला हवं, कारण त्यावर मी सगळ्यात जास्त दिवस घालवले. सुरुवातीची थरथर मोबाइलसारखी होती. आत एका बाजूला जड असलेलं चाक गरगर फिरतं आणि गुर्रर्र होतं. मोठेबाबांच्या दंडावर ती एकदाच बांधली. ती वाजली आणि त्यांचा हात झटकन खिशाकडे गेला. चेहरा उतरला. घरात फोन थरथरला की तो बँकेचा, सोसायटीचा नाहीतर कृषी केंद्राच्या उधारीचा, अशी काही वर्षं त्यांनी काढली होती. मार्च जवळ आला की ते फोन आवाज बंद करून कोनाड्यात ठेवायचे आणि तो तिथे लाकडावर गुर्रगुर्रत राहायचा. ज्या थरथरीनं या माणसाची झोप घालवली, तीच मी त्याच्या दंडावर बांधली होती. तो चेहरा पाहिल्यावर ती मोटर मी पुन्हा वापरली नाही.

नंतर आम्ही दुसऱ्या प्रकारचा कंपक घेतला, ज्याचा जोर हळूहळू वाढवता आणि उतरवता येतो. पण कोणती लय द्यायची? एका संध्याकाळी माझी वहिनी लेकराला मांडीवर घेऊन थोपटत होती. गप्पा आमच्याशी चालल्या होत्या, डोळे चुलीकडे, आणि हात आपला एका चालीनं पडत होता. सुरुवातीला भरभर, लेकराच्या रडण्याच्या वेगानं. मग ते शांत होत गेलं तसा हळू. आधी लेकराच्या चालीला जायचं, मग त्याला आपल्या चालीवर आणायचं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

पट्टी आता थोपटते. शेवटी ती दहा सेकंदांच्या एका लाटेवर येते, चार चढणीचे आणि सहा उतरणीचे, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. मोठ्या माणसांमध्ये बहुधा याच वेगाच्या आसपास श्वास, ठोके आणि रक्तदाब यांची लय एकमेकांत मिसळते आणि ठोक्यांमधलं ते हरवलेलं कमीजास्त परत येतं. इटलीतल्या संशोधकांनी २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवलं होतं की जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र, दोन्ही म्हणताना माणसाचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ येतो. ते वाचलं आणि मला आमच्या गावातली संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना आठवली. तुकडोजी महाराजांच्या मोझरीपासून आम्ही काही फार लांब नाही. मांडी घालून बसलेली, दिवसभर वाकून आलेली माणसं एका सुरात ओळ संपवतात आणि एकत्र श्वास घेतात. तिथे पट्टीची गरज नसते.

मोठेबाबांचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. त्याला ही पट्टी फार आवडली. त्यानं मला फोन केला आणि म्हणाला, “ताई, बाबाचा डेटा माझ्या मोबाइलवर येऊ दे. मले रोज पाहता येईन. काही कमीजास्त झालं तं मी लगेच निघतो.” त्याच्या आवाजात मला २०१७ चा डिसेंबर ऐकू आला. तेव्हा तो बारावीत होता आणि त्याला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. मी त्याला नाही म्हणाले. नाही म्हणणं मला जड गेलं, आणि अजूनही कधीकधी रात्री मी त्या उत्तराशी झगडते. आपल्या बापाची झोप उडालीय हे लेकाला कळलं तर बिघडतं काय?

बिघडतं ते असं. आमच्याकडे एका घरात बरेचदा एकच चांगला फोन असतो आणि तो ज्याच्या हातात असतो त्याच्या हातात बाकीचं खूप काही असतं. सुनेची झोप सासऱ्याच्या फोनवर दिसली तर? मजुराच्या काळजाची चाल मुकादमाला दिसली तर? कर्ज देताना कुणी म्हणालं, आधी तुमचे सहा महिन्यांचे आकडे दाखवा? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमती मागतो, पण घरातल्या थोरल्यापुढे धाकट्याची संमती कशी असते ते मी पाहिलेलं आहे. म्हणून पट्टीतलं पट्टीतच राहतं. काही दिवसांनी पुसलं जातं. बाहेर काही जात नाही. फक्त एक बटण आहे. ते दाबलं तर बांधणाऱ्यानं स्वतः निवडलेल्या एका माणसाच्या फोनवर एकच ओळ जाते: ‘सवडीनं ये, बोलू.’ ते दाबायचं की नाही हे पट्टी ठरवत नाही.

तो एक माणूस नसेल तर पट्टी कुचकामी आहे, हे मी मान्य करते. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा एक उपक्रम झाला होता. गावातल्याच साध्या माणसांना शिकवून त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याबद्दल बोलायचं, धीर द्यायचा, गरज लागली तर डॉक्टरांपर्यंत पोचवायचं. त्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं होतं. दंडावर काही बांधलेलं नव्हतं. कुणीतरी येऊन ओट्यावर बसलं होतं. आमच्या कागदावर दुसरी ठळक ओळ आहे ती टेलिमानसच्या क्रमांकाची, १४४१६. मनाच्या त्रासाबद्दल बोलण्यासाठीचा हा सरकारी क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. तो मी मोठेबाबांच्या कोनाड्यात भिंतीवर खडूनं लिहून ठेवलाय, फोन ठेवतात तिथंच.

मोठेबाबांनी पट्टी बरेच महिने बांधली नाही. त्यांना मी आग्रह केला नाही. ती खुंटीला टोपीखाली लटकलेली असायची.

यंदा जानेवारीत मी घरी होते. बगीच्याचा ताण तोडायचा होता आणि त्या आठवड्यात रात्रीची लाईन होती. बारा वाजता मोटर सुरू झाली. टॉर्च, कांबळं, फावडं घेऊन मोठेबाबा निघाले, मीही निघाले. थंडी कडक होती. पहिलं पाणी हलकं द्यायचं असतं, एकदम भरपूर दिलं तर झाडाला सोसत नाही, असं ते चालता चालता सांगत होते. पाणी दांडातून सळसळत आलं आणि पहिल्या आळ्यात शिरलं. कोरड्या काळ्या मातीनं पाणी पिताना एक आवाज येतो, बारीक सुरसुर, तो ऐकत आम्ही विहिरीच्या कठड्यावर बसलो.

कांबळं सावरताना त्यांची बाही वर गेली आणि दंडावर मला पट्टी दिसली. मी काही बोलले नाही. तेच बोलले.

“परवाच्या राती थोपटत होती.”

“मग?”

“मग काय. उठून बसलो. तुया मोठ्याईले उठवलं. च्या केला तिनं. तूर कधी विकाची यावर बोलत बसलो पहाटवरी.” थोडं थांबून म्हणाले, “सोसायटीच्या नोटिशीचंही सांगितलं तिले. थे मी सांगतलंच नव्हतं.”

“बटण दाबलं काय?”

“बटण कायले पायजे? ती बाजूच्याच खाटेवर होती.”

मी हसले, तेही हसले. मग त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं, टॉर्चच्या उजेडात, जसं पान पाहतात तसं.

“अन् तू कधीची झोपली नाईस?”

मला उत्तर पटकन देता आलं नाही. मागच्या महिन्यात पैसे संपत आले होते, आमच्यापैकी एकजण काम सोडून गेला होता, हे घरी मी कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या स्वतःच्या दंडावर पट्टी नव्हती. ती चार्जिंगला लावून मी विसरले होते. मोठेबाबांनी विचारलं नाही की काय झालं. कांबळ्याचं एक टोक माझ्या खांद्यावर टाकलं आणि पाठीवर हात ठेवून बसले. पहिलं आळं भरत आलं होतं. मी सांगायला सुरुवात केली, आधी पैशाचं, मग बाकीचं. मधेच ते फावडं घेऊन उठले, दांड फोडून पाणी दुसऱ्या आळ्याकडे वळवलं, आणि परत येऊन बसत म्हणाले, “हं. मंग?”